पारोळ्याच्या फळ्यावरचे एक्केचाळीस

मी चर्चला वर्षातून तीनदा जातो: नाताळला, ईस्टरला आणि कुणी गेलं तर. वय झालं तशा तिसऱ्या कारणाच्या फेऱ्या वाढल्या आणि आमच्या पाळकसाहेबांचा समज झाला की मी सुधारतोय. बायको दर रविवारी नेमाने जाते. मुलगी आणि जावई दुसऱ्याच एका हॉलमध्ये जातात. तिथे ड्रम वाजतो, गाण्याचे शब्द पडद्यावर येतात आणि शेवटी कॉफी मिळते. अशा घरातल्या माझ्यासारख्या माणसावर खानदेशातलं एक चर्च वाचवायची पाळी आली, हे ऐकून बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

झालं असं, की पारोळ्याहून लीलाआत्याचा फोन आला. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होती, त्यामुळे ती विनंती करत नाही, सूचना देते.

"सुहास, येत्या रविवारी पारोळ्याला ये. येताना डोकी आण."

"कसली डोकी?"

"माणसांची. धुळ्याच्या मुख्य चर्च ऑफिसातून सेक्रेटरी मोजायला येतोय. पंचवीसच्या खाली भरली तर आमची उपासना महिन्यातून एकदाच करणार. बाकीचे रविवार म्हणे बसने धुळ्याला या. एसटीची पायरी नुसती बघितली तरी माझे गुडघे रडतात. आणि महिन्यातून एकदा यायला देव काय गॅसचा सिलिंडर आहे?"

इतकी वर्षं कुणी मोजलं नाही, मग आत्ताच का, असं मी विचारलं. तिने कारण सांगितलं आणि मला फोन लांब धरून हसावं लागलं. मग हसू आवरावंही लागलं, कारण मूळ गुन्हेगार मीच होतो.

ते सांगतो. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर एक लाकडी फळा असतो. त्याच्या खाचांत आकड्यांच्या छोट्या पाट्या सरकवतात. वरच्या रांगांत त्या दिवशीच्या गीतांचे नंबर, सगळ्यात खाली गेल्या रविवारची उपस्थिती. पारोळ्याच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचा, कडक नेम असा की जे गीत फळ्यावर नाही ते म्हणायचं नाही. मी नऊ वर्षांचा असताना नाताळच्या सुट्टीत आत्याकडे राहिलो होतो. तिथे एकशे सत्तावीस नंबरच्या गीताचं भारी कौतुक, आणि त्याला कडवी अकरा. घरी चुलीवर काळ्या मसाल्याचं मटण तयार आणि इथे जेमतेम आठवं कडवं. सातच्या पाट्या दोनच होत्या, त्यातली एक आधीच फुटलेली. उरलेली मी शनिवारी दुपारी चड्डीच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी एकशे सत्तावीस लागलं नाही, पुढे कधीच लागलं नाही, आणि मी मटण गरमागरम खाल्लं.

माझ्यामुळे पायंडा पडला. पुढच्या पोरांनीही आपापल्या नावडत्या गीतांचा असाच निकाल लावला. शेवटी सहा हवा तर तीनची पाटी उलटी लावायची वेळ आली आणि मंडळी वर्षभर तीच ती पंधरा-वीस गीतं घोळवू लागली. कुणा एका पाळकांनी वैतागून उपस्थितीच्या रांगेला खिळेच ठोकले. त्या रविवारी उपस्थिती होती एक्केचाळीस, आणि तेव्हापासून ती एक्केचाळीसच आहे. धुळ्याला पाठवायच्या अहवालात फळ्यावरचा आकडा उतरवायचा, अशी पद्धत. कोरोनात चर्चला कुलूप होतं तेव्हाही पारोळ्याची उपस्थिती एक्केचाळीस. आता सेक्रेटरींना संशय आला तर त्यांचं काय चुकलं?

सातची ती पाटी अजून माझ्याकडे होती. मी चित्रकलेचा मास्तर, सगळी नोकरी तिच्यावर ओले ब्रश टेकवले. ती पिशवीत टाकली आणि भुसावळची गाडी पकडली.

दीपनगर, गुरुवार

पहिलं डोकं हक्काचं होतं. आत्याचा मुलगा प्रभाकर वीज केंद्रातून निवृत्त होऊन कॉलनीशेजारीच राहतो. त्याने मला शेवभाजी खाऊ घातली. पुण्यात ज्याला शेवभाजी म्हणतात तो निव्वळ समज आहे हे मला पहिल्या घासाला कळलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि प्रभाकर शांतपणे म्हणतो, "कमी तिखट केलीय, तू येणार म्हणून."

जेवताना त्याने मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याची उपासना दाखवली. तो चर्चला जात नाही, चर्च त्याच्याकडे येतं, आणि तेही दीडपट वेगाने. पाळकसाहेब पापाबद्दल इतक्या घाईने बोलत होते की त्यांना गाडी पकडायची असावी. मध्येच प्रभाकरने बोटाने 'आमेन' टाईप केलं आणि कुकरची शिट्टी मोजायला उठला.

"पूर्वी इथे एकाच हॉलमध्ये सकाळी मराठी, मग तमिळ, मग मल्याळी उपासना व्हायची," तो म्हणाला. "दारात इतकी गर्दी की चपला बदलून जायच्या. आता लोक रिटायर होऊन गावी गेले, पोरं बंगळुरूला. मी एकटा हॉलमध्ये बसून कुणाच्या चपला घालू?"

मी रविवारचा विषय काढला तसा त्याचा चेहरा बदलला.

"मी येतो. पण मोजून घ्यायला नाही, आईचं सामान आणायला. त्या चर्चच्या घंटेपायी ती तिथे एकटी राहते, सुहास. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि मला दोन दिवसांनी सांगितलं. बंद होऊ दे एकदाचं. मग तरी ती माझ्याकडे येईल."

त्याचं खोटं नव्हतं. मी त्याच्या आईचा रविवार वाचवायला निघालो होतो आणि तो आईला वाचवायला. तेवढ्यात त्याची मुलगी रूथ कॉलेजमधून आली. ती तिथे शिकवते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, डोकी पाहिजेत ना? उद्या माझ्याबरोबर चला. मात्र सकाळपासून काही खाऊ नका."

यावलच्या पुढे, शुक्रवार

काही खाऊ नका म्हणजे काय, हे मला यावल सोडल्यावर समजलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घड लोंबतायत, रस्त्याकडेला ट्रक भरले जातायत, आणि आपण उपाशी. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पावरा आदिवासींच्या वस्तीत दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. दुपारी दोनपर्यंत पोटात अन्न जाऊ द्यायचं नाही. रूथ तिथे ढोलक वाजवते, हे तिने बापाला सांगितलं होतं की नाही ते मी विचारलं नाही.

पत्र्याची एक शेड. आत तरुण पोरंपोरी खच्चून भरलेली. फळा नाही, नंबर नाहीत, पुस्तकंही नाहीत. सगळं तोंडपाठ, आणि बसून गाणारा कुणी नाही. मी आजवर इतकं घामाघूम चर्च पाहिलं नव्हतं. त्यांचा पुढारी सुनील जेमतेम पंचविशीचा. इतकी पोरं कशी जमतात, असं मी हळूच विचारलं. वाटलं, काहीतरी आध्यात्मिक ऐकायला मिळेल.

"गाणं आवडतं आम्हाला," तो म्हणाला. "आणि सर, आठवडाभर सगळे केळीच्या कामावर वेगवेगळ्या गावाला. इथे भेट होते. दोन लग्नं तर या शेडमध्येच ठरली. एक माझंच."

बाराच्या सुमाराला माझ्या डोळ्यांसमोर चांदण्या चमकायला लागल्या. पाय मोकळे करतो असं सांगून मी शेडच्या मागे सटकलो. तिथे झाडाखाली एक म्हातारबाबा बिडी ओढत बसले होते, शेजारी केळ्यांची फणी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फणीकडे पाहिलं, आणि एक केळं मोडून पुढे केलं. मी तीन खाल्ली.

"तुम्ही आत नाही जात?" मी तोंड पुसत विचारलं.

"नातू जातो. मी चपला राखतो. आमचा देव तिकडे वर डोंगरात, तो काही बोलवत नाही, रागावत पण नाही." त्यांनी सालं माझ्या हातातून घेऊन पलीकडे टाकली. "नातवाला सांगणार नाही मी. तुम्ही पण बिडीचं सांगू नका."

मला गंमत वाटली. इथे पोरं आत आणि म्हातारे बाहेर, पारोळ्यात म्हातारे आत आणि पोरं कुठे ते देव जाणे. दोन वाजता सगळ्यांबरोबर पंगतीला बसून मी नव्या उत्साहाने भात-वरण खाल्लं. माझ्या श्रद्धेचं सुनीलला इतकं कौतुक वाटलं की रविवारी पिकअप भरून आठ जण पाठवतो म्हणाला. तीन केळी माझ्या पोटात लाजली असतील, मी मात्र त्याचे आभार मानले.

पारोळा, शनिवार

आत्या दारातच उभी होती, हातात काठी. "सलाम, आत्या," म्हणत मी वाकलो, तर तिने आधी माझी नाडी पाहिली. नर्सची सवय. मग माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "किती?"

"आठ नक्की. शिवाय मी, प्रभाकर, रूथ."

"अकरा. आमचे चौदा. पंचवीस झाले." तिने समाधानाने काठी टेकली. "तरी दोन-चार जास्तीचे असू दे. कुणाला ऐनवेळी जुलाब लागले म्हणजे?"

ते जास्तीचे तिने शेजारीच जमवले होते. चर्चच्या भिंतीला लागून भिकननानांचा गोठा आहे. घंटा वाजवणारा माणूस वारला तेव्हापासून चर्चची घंटा नानाच वाजवतात. ख्रिस्ती नाहीत, होणारही नाहीत, पण रविवारी साडेनऊला दोरीला हात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"घंटा नही वाजनी ते मन्ही म्हैस दूध देत नही," त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं. "सेक्रेटरीले काय जोयजे? माणसं? आम्ही बठ्ठा येतस, घरना पाचीच्या पाची जण."

समोरचे कापडवाले शेठजी जैन. तेही सपत्नीक येणार होते, कारण त्यांची तिन्ही मुलं आत्याच्या हातावर जन्मली. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना जगातला पहिला धपाटा आत्याने घातलाय. ती बोलावते तेव्हा कुणी नाही म्हणत नाही.

रात्रीच्या जेवणाला भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि कांद्याची पात. तोंड भरलेलं असताना कबुली देणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. पिशवीतली पाटी मी दोनदा चाचपली. पण आत्याने पानात आणखी भरीत वाढलं आणि मी पिशवी बाजूला सरकवली. माझ्या आयुष्यातले बरेच चांगले निर्णय असेच भरतात बुडाले आहेत.

पारोळा, रविवार

साडेनऊला नानांनी घंटा वाजवली, आणि ते स्वतःच धावत येऊन दुसऱ्या बाकावर बसले. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, ही तिथली रीत. शेठजींना ती ठाऊक नव्हती, ते बायकोबरोबर डावीकडे बसले आणि शेवटपर्यंत आजीबायांच्या घोळक्यात एकटे पुरुष राहिले. सगळे उभे राहिले की ते बसायचे, सगळे बसले की दचकून उठायचे. नानांच्या सौभाग्यवतींनी पदराखालून नारळ आणला होता, तो कुठे फोडायचा हे त्या खुणेने विचारत होत्या. मागच्या बाकांवर रूथ आणि सुनीलची आठ पोरं दाटीने बसली होती. प्रभाकर दाराजवळ, गाडीची किल्ली बोटात फिरवत. आत्या पहिल्या बाकावर ताठ, आणि इतकी खूश की मला तिच्याकडे बघवेना.

सेक्रेटरी मध्यमवयीन, सभ्य माणूस. त्यांनी मोजलं. मला ओठ दिसत होते. बत्तीस.

उपासना संपत आली, सूचनांची वेळ झाली. सेक्रेटरी पुढे आले, हसले आणि म्हणाले, "लीलाबाई, मंडळी बघून आनंद झाला. ही सगळी दर रविवारी असतात ना?"

नानांनी मान जोरात हलवली, हो हो म्हणून. मी डोळे मिटून त्या वर्षातली माझी एकमेव मनापासूनची प्रार्थना केली: देवा, आत्याला खोटं बोलू दे.

आत्या काठीवर भार देऊन उठली.

"मी जन्मभर तापाचे तक्ते भरले, साहेब. पेशंटचे नातेवाईक रडले म्हणून चढलेला ताप कधी उतरलेला लिहिला नाही. आम्ही चौदा असतो. पाऊस असला तर अकरा. बाकी सगळे आज माझ्यासाठी आलेत."

ती बसली. प्रभाकरच्या बोटातली किल्ली थांबली. जिंकायला आलेला माणूस जिंकला होता आणि त्याला ते आवडलेलं दिसत नव्हतं.

"मग अहवालात एक्केचाळीस कसे?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळ्यांच्या माना फळ्याकडे वळल्या.

मी पुढे गेलो, पिशवीतून पाटी काढली आणि सगळं सांगितलं. मटण, अकरा कडवी, चड्डीचा खिसा, काही लपवलं नाही. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने हे सांगणं किती कठीण असतं ते सांगून कळायचं नाही. मागची पोरं हसू दाबत होती. मला मात्र रडू येत होतं.

आत्याने ती पाटी हातात घेतली, रंगांचे डाग नखाने खरवडले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तेव्हाच चड्डी धुताना सापडली होती. मीच परत तुझ्या पिशवीत ठेवली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या काकांना दमा होता. अकरा कडवी म्हणताना निळे पडायचे, पण मध्ये थांबायचे नाहीत, चर्चचे पंच होते ना. मी सांगून ऐकेनात. तू पाटी चोरलीस आणि माझं काम झालं." तिने पाटी पदराने पुसली. "आमच्या लग्नात म्हटलं होतं ते गीत. मला फार आवडायचं."

विल्यमकाकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणजे इतके रविवार ती समोरच्या फळ्याकडे बघत दुसरीच गीतं म्हणत आली होती.

सेक्रेटरींनी आपली वही उघडली. ज्यांची नावं या मंडळीच्या पुस्तकात आहेत तेवढे आज मोजून फळा नीट करू या, म्हणाले. माझा, प्रभाकरचा आणि रूथचा बाप्तिस्मा इथलाच. चौदा आणि तीन, सतरा. प्रभाकर बाहेर गेला आणि गाडीतून पक्कड घेऊन आला. वीज केंद्राचा माणूस, पक्कड त्याच्या गाडीत बायबलाच्या जागी असते. त्याने खिळे उपटले, चार काढला, एक पुढे सरकवला आणि त्याच्या शेजारी माझा सात बसवला. फळ्यावर कित्येक वर्षांत पहिल्यांदा खरा आकडा दिसला.

"आता एकशे सत्तावीस लाव," आत्या म्हणाली.

प्रभाकरने एक लावला, दोन लावला आणि हात थबकला. सात एकच होता आणि तो खाली उपस्थितीत अडकला होता. त्याने सेक्रेटरींकडे पाहिलं, मग आईकडे.

"उपस्थिती राहू दे," आत्या म्हणाली. "आधी गीत."

त्याने सात काढून वर लावला. खालच्या रांगेत एक एकटाच उरला.

पहिलं कडवं आत्याने जवळजवळ एकटीनेच म्हटलं, कापऱ्या आवाजात. दुसऱ्याला म्हाताऱ्या बायकांना आठवलं. तिसऱ्यापासून रूथचा ढोलक आणि मागची पोरं, ज्यांना कधीच कुठला नंबर लागला नव्हता. शेठजी टाळी धरत होते. प्रभाकर फळ्यापाशीच पक्कड हातात धरून उभा होता आणि अकराच्या अकरा कडवी तोंडपाठ म्हणत होता, एकपट वेगाने.

निर्णय मात्र बदलला नाही. पंचवीस म्हणजे पंचवीस. पाळक आता महिन्यातून एकदाच येतील, असं सेक्रेटरींनी दारात सांगितलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"पाळक एकदा येतील. ठीक," आत्या म्हणाली. "चर्चची किल्ली?"

"ती तुमच्याकडेच राहू दे."

"आनि घंटा?" भिकननाना मध्ये पडले. "साहेब, ती मी वाजाडसूच. मन्ही म्हैसले तुमना नियम समजत नही."

आईचं सामान न्यायला आलेला प्रभाकर त्या दिवशी मटणाचा डबा घेऊन परत गेला. मटण अर्थातच गार झालं होतं.

पुणे

आता पारोळ्यात दर रविवारी चौदा जण स्वतःच उपासना चालवतात. प्रभाकर म्हणतो तो दर दुसऱ्या रविवारी जातो. आत्या म्हणते दर तिसऱ्या. न्हाणीघरात मात्र त्याने धरायला दांडा बसवून दिलाय आणि त्याबद्दल दोघांचंही एकमत आहे. सुनीलची पोरं एकदा येऊन गेली, पुढचं काही कबूल केलेलं नाही.

मी अजूनही वर्षातून तीनदाच जातो. फक्त रविवारी साडेनऊला माझा फोन वाजतो. आधी नानांची घंटा ऐकू येते, मग आत्या मोबाईल बाकावर विल्यमकाकांच्या जागी ठेवते आणि एकशे सत्तावीस सुरू होतं. अकरा कडवी. एखादं गाळलं तर तिला कळतं. बायको मटण मंद आचेवर ठेवून तिच्या चर्चला गेलेली असते, आणि आठव्या कडव्याच्या सुमाराला त्याचा वास बाहेरच्या खोलीत येतो.

परवा मी विचारलं, "आत्या, उपस्थिती किती लावतेस गं हल्ली?"

"लावते कुठे? सात वर गेला तेव्हापासून खालचा एक तसाच एकटा ठेवलाय," ती म्हणाली. "पण मनात पंधरा धरते. नववं कडवं चाललंय, बोलू नकोस."